विकिपीडियासाठी शोधनियतकालिक कसे निवडावे: दख्खनचे लाव्हाथर, लोणार आणि हळद यांच्या आधारे एक तुलना

‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकाच्या २२ फेब्रुवारी २०१९ च्या अंकात दख्खनच्या लाव्हाथरांच्या वयाविषयीचे दोन शोधनिबंध एकत्र प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांनी सह्याद्रीतले खडक तपासले होते, दोन्ही निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेले होते आणि दोघांसमोरचा प्रश्नही एकच होता: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर नामशेष झाले, त्या घटनेच्या मानाने दख्खनचा लाव्हा नेमका केव्हा बाहेर पडला? युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून वय काढणाऱ्या गटाला चार मोठे उद्रेककाळ आढळले आणि त्यांपैकी एक, त्या संहाराशी जोडल्या जाणाऱ्या उल्कापाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाल्याचे दिसले. आर्गॉनच्या समस्थानिकांवरून वय काढणाऱ्या गटाला असे सुटे सुटे मोठे टप्पे मान्य झाले नाहीत, आणि त्यांच्या मापनानुसार एकूण लाव्ह्यापैकी सुमारे ७५ टक्के भाग सृष्टीच्या त्या संहारानंतर साचलेला होता. दख्खनच्या पठारावर विकिपीडियात लेख लिहिणाऱ्या संपादकाने केवळ ‘सायन्स’ हे नाव पाहून संदर्भ निवडायचे ठरवले, तर या ठिकाणी त्याला काहीच उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही उत्तरे त्याच नियतकालिकाची आहेत.

मराठी विकिपीडियावर विज्ञानाचे लेख लिहायला घेणाऱ्या नव्या संपादकाची अडचण अशीच असते. विधानाला संदर्भ द्यायला हवा हे त्याला ठाऊक असते, आपल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागू नये असेही त्याला वाटत असते, परंतु शोध घेतल्यावर समोर येणाऱ्या शेकडो निबंधांमधून कोणता उचलावा हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. मग ज्याचे नाव ऐकलेले आहे ते नियतकालिक किंवा ज्याची पीडीएफ चटकन उघडते तो निबंध निवडला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा करायला हवा. आपले वाक्य नेमके काय सांगते ते आधी पाहावे, त्या वाक्याला कोणत्या प्रकारचा लेख आधार देऊ शकतो ते त्यानंतर ठरवावे, आणि नियतकालिकाची प्रतिष्ठा, सूचीतले स्थान व मोफत उपलब्धता या गोष्टी सर्वांत शेवटी तपासाव्यात. पुढची तुलना याच क्रमाने केली आहे.

मूळ शोधनिबंध की आढावा-लेख

विकिपीडियाची तीन पायाभूत धोरणे आहेत: मजकूर पडताळता आला पाहिजे, त्यात संपादकाचे स्वतःचे संशोधन नसावे आणि दृष्टिकोन तटस्थ असावा. यांपैकी एकाही धोरणात नियतकालिक किती नामांकित असावे याविषयी अट नाही. मात्र तिन्ही धोरणे एकत्र वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की एखाद्या क्षेत्रात एकूण काय मानले जाते हे संपादकाने स्वतः ठरवायचे नसून कोणा जाणकाराने ते ठरवून लिहिलेले शोधायचे आहे. एका गटाने केलेला प्रयोग आणि त्याचे निष्कर्ष मांडणारा निबंध हा प्राथमिक स्रोत असतो. अशा अनेक निबंधांची छाननी करून त्यांचे वजन ठरवणारा आढावा-लेख हा दुय्यम स्रोत असतो, आणि ज्ञानकोशाच्या कामाला ‘दुय्यम’ हाच बहुतेक वेळा अधिक उपयोगी पडतो.

इंग्रजी विकिपीडियाने वैद्यकीय मजकुरासाठी स्वतंत्र आणि अधिक कडक मार्गदर्शक तत्त्वे ठरवली आहेत. तिथे पद्धतशीर आढावे, अनेक चाचण्यांच्या आकड्यांचे एकत्रित विश्लेषण आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची उपचारविषयक मार्गदर्शिका यांना प्राधान्य आहे. प्राण्यांवरचे प्रयोग, परीक्षानळीतले प्रयोग आणि एकेका रुग्णाच्या हकिगती यांच्या आधारे माणसाच्या आरोग्याविषयी विधान करू नये, आणि शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतला आढावा वापरावा, असे तिथे सांगितले आहे. मराठी विकिपीडियावरच्या संपादकाने ही तत्त्वे जशीच्या तशी पाळावीत असे मी आग्रहाने सुचवेन, कारण ‘या वनस्पतीचा रस या रोगावर गुणकारी आहे’ असे वाक्य मराठी लेखात वाचणारा माणूस पुष्कळदा औषधाच्याच शोधात तिथवर आलेला असतो.

भूविज्ञान, खगोलशास्त्र किंवा वनस्पतींचे वर्गीकरण अशा विषयांत इतकी कडक अट पाळता येत नाही आणि तशी गरजही नसते. नवी प्रजाती प्रथम वर्णिली गेली तो निबंध हाच त्या प्रजातीच्या नावाचा खरा संदर्भ असतो, आणि एखाद्या विवराचे वय मोजणारे निबंध मोजकेच असल्यामुळे त्यांचा स्वतंत्र आढावा कोणी लिहिलेला असेलच असे नाही. अशा वेळी प्राथमिक निबंध वापरावा, परंतु त्यातले विधान सर्वमान्य सत्य म्हणून न लिहिता ते कोणी, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने काढले हे वाक्यातच सांगावे.

लोणारचे वय

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे उदाहरण यासाठी फार चांगले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले आहे, आणि ते तसे असल्याचा भक्कम पुरावा मांडणारा निबंध १९७३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. विवराच्या उत्पत्तीविषयीच्या वाक्याला तो संदर्भ आजही चालतो, कारण त्यानंतरच्या अभ्यासकांनी तोच निष्कर्ष गृहीत धरून पुढचे काम केले आहे. पन्नास वर्षांचा जुना निबंध वापरायला संपादक कचरतात, पण ज्या निष्कर्षाला पुढे आव्हान उरले नाही त्याच्या बाबतीत जुना मूळ निबंध देणे हे उलट चांगले संपादन आहे.

वयाची गोष्ट मात्र निराळी आहे. तापदीप्ती पद्धतीने, म्हणजे नमुना तापवल्यावर त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेले सुमारे ५२ हजार वर्षे हे वय १९९७ मध्ये उपयोजित भौतिकशास्त्राच्या एका ब्राझिली नियतकालिकात आले. पुष्कळ लेखांत ‘५० हजार वर्षांपूर्वी’ असे जे लिहिलेले दिसते ते या मापनाशी जुळणारे आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात आर्गॉन पद्धतीने काढलेले वय आले ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे, म्हणजे आधीच्या दहापटीहून अधिक. ‘जिऑलॉजी’ हे भूविज्ञानातले अग्रगण्य नियतकालिक आहे आणि ब्राझिली नियतकालिकाचे नाव त्या क्षेत्रातल्या फारच थोड्यांनी ऐकले असेल. नियतकालिकांची तुलना केली तर निर्णय सोपा वाटतो: नवा निबंध, मोठे नाव, अधिक सूक्ष्म पद्धत, तेव्हा जुना आकडा पुसून नवा घालावा. तसे अनेक ठिकाणी झालेही आहे.

परंतु वैश्विक किरणांमुळे खडकात निर्माण होणाऱ्या समस्थानिकांवर आधारलेले मापन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने पुन्हा काही दशसहस्र वर्षांचाच आकडा दिला. दोन्ही गटांतले आकडे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, तेव्हा यांतला कोणता खरा हे ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे आहे. विकिपीडियाच्या संपादकाने इथे लिहावे ते असे: ‘तापदीप्ती पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले आहे’, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचा त्याचा संदर्भ द्यावा. लेखाच्या उजवीकडच्या माहितीचौकटीत एकच आकडा बसतो म्हणून एकच निवडायचा हा मोह टाळावा; चौकटीत ‘मतभेद आहेत, मजकूर पाहा’ असे लिहिण्यास कोणतीही हरकत नाही. नियतकालिकाच्या दर्जाचा उपयोग इथे इतकाच की दोन्ही आकड्यांना किती जागा द्यावी याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

लोणारच्याच बाबतीत बातमी आणि निबंध यांची तुलनाही करून पाहण्यासारखी आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याच्या बातम्या देशभर छापून आल्या आणि पाण्याचे नमुने तपासल्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मीठप्रिय सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. रंग बदलला आणि संस्थेने अमुक सांगितले, या दोन वाक्यांना वर्तमानपत्राचा संदर्भ पुरेसा आहे. रंग त्या सूक्ष्मजीवांमुळेच येतो, हे विज्ञानाचे विधान म्हणून लिहायचे असेल तर मात्र सूक्ष्मजीवशास्त्राच्या नियतकालिकातला निबंध शोधायला हवा.

हळद: एकाच लेखात तीन निरनिराळे निर्णय

हळदीवरच्या लेखात निवड अधिक नाजूक होते. कर्क्युमिन या हळदीतल्या द्रव्यावर हजारो निबंध आहेत, आणि ‘कर्करोगावर गुणकारी’ या विधानाला आधार म्हणून दाखवता येईल असा निबंध चांगल्या नियतकालिकांतही सहज सापडतो. तो बहुधा परीक्षानळीतल्या पेशींवरचा किंवा उंदरांवरचा असतो. अमेरिकेतल्या रसायनशास्त्र संस्थेच्या ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त २०१७ साली आलेल्या आढाव्याने या सगळ्या साहित्याची छाननी केली. कर्क्युमिन हे अस्थिर, इतर रेणूंशी सहज प्रतिक्रिया करणारे आणि शरीरात नीट शोषले न जाणारे द्रव्य आहे, त्यामुळे प्रयोगशाळेत त्याची क्रिया दिसल्याचा खोटा भास होतो, आणि त्यावर १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही रुग्ण व डॉक्टर दोघांनाही औषध कोणते ते न सांगता, निष्क्रिय गोळीशी तुलना करून केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कर्क्युमिनवरचे अनेक निबंध नंतर आकृत्यांतल्या गैरप्रकारांमुळे मागेही घेतले गेले आहेत.

म्हणजे एका बाजूला शंभर मूळ निबंध आणि दुसऱ्या बाजूला एक आढावा असला, तरी औषधी गुणांविषयीच्या वाक्यासाठी आढाव्याचे पारडे जड मानावे. हा आढावा आता पाच वर्षांच्या मर्यादेपलीकडे गेला आहे आणि सांधेदुखीसारख्या तक्रारींवर झालेल्या छोट्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण करणारे लेखही प्रसिद्ध झाले आहेत, म्हणून संपादकाने नवा आढावा शोधून तोही जोडावा. पाच वर्षांचा नियम चाचण्या सतत होत असलेल्या क्षेत्रासाठी आहे. रेणू अस्थिर आहे हे रसायनशास्त्राचे विधान पाच वर्षांनी शिळे होत नाही.

त्याच लेखातला हळदीच्या पेटंटचा परिच्छेद पाहा. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिळाले होते, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. परिषदेने दाखल केलेल्या पुराव्यांमध्ये ‘जर्नल ऑफ दि इंडियन मेडिकल असोसिएशन’मधला १९५३ सालचा एक निबंधही होता. हळदीने जखम बरी होते, या वैद्यकीय विधानाला आधार म्हणून सात दशकांपूर्वीचा हा निबंध आजच्या निकषांवर उतरणार नाही. हळदीचा असा उपयोग भारतात पूर्वीपासून ज्ञात होता, या ऐतिहासिक विधानाला मात्र त्याच्याइतका चोख संदर्भ क्वचितच मिळेल. संदर्भ चांगला की वाईट हे वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येत नाही ते यामुळेच.

राहिला आयुर्वेदाला वाहिलेल्या नियतकालिकांचा प्रश्न. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हळदीविषयी काय म्हटले आहे, कोणत्या कल्पात (औषधी तयारीत) ती वापरली जाते, यासाठी ही नियतकालिके योग्यच आहेत. त्या परंपरेचे जाणकार तिथेच लिहितात. परिणामकारकतेचा दावा मात्र त्या चिकित्सापद्धतीबाहेरच्या तज्ज्ञांच्या परीक्षणातूनही गेलेला असावा, अशी इंग्रजी विकिपीडियावरच्या वैद्यकीय संपादकांची अपेक्षा असते, आणि ती मला रास्त वाटते. हाच निकष होमिओपॅथीला, अ‍ॅक्युपंक्चरला आणि औषध कंपनीच्या पैशाने निघालेल्या विशेष पुरवणी अंकालाही लावला पाहिजे.

मोठे सर्वसाधारण नियतकालिक की विषयाचे नियतकालिक

१८६९ पासूनचे ‘नेचर’, १८८० पासूनचे ‘सायन्स’ आणि वैद्यकातले १८२३ पासूनचे ‘लॅन्सेट’ यांचा विकिपीडियाच्या संदर्भांत मोठा वाटा असतो. २००७ सालच्या एका अभ्यासातही ‘नेचर’ व ‘सायन्स’ अग्रभागी होते. या नियतकालिकांचे परीक्षण कसोशीचे असते यात शंका नाही. परंतु ती नवे आणि आश्चर्यकारक निष्कर्ष निवडून छापतात, आणि ज्ञानकोशाला हवे असते ते स्थिरावलेले ज्ञान. ‘लॅन्सेट’मध्ये फेब्रुवारी १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरच्या निरीक्षणांतून लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा निबंध छापला गेला आणि तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. त्याच नियतकालिकात २२ मे २०२० रोजी आलेला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवरचा निबंध, मूळ आकडेवारी कोणाला तपासता येईना म्हणून ४ जून २०२० रोजी मागे घ्यावा लागला. त्या मधल्या तेरा दिवसांत ज्यांनी तो संदर्भ म्हणून वापरला त्यांची निवड नावाच्या कसोटीवर अचूक होती, आणि तरीही एकाच ताज्या मूळ निबंधावर विसंबल्यामुळे ती सदोष होती.

विषयाच्या नियतकालिकात, उदाहरणार्थ ‘जिऑलॉजी’त किंवा भूरसायनशास्त्राच्या नियतकालिकात, परीक्षक नेमक्या त्याच पद्धतीचे जाणकार असण्याची शक्यता अधिक असते आणि मजकूर पद्धतीच्या तपशिलासह येतो. बारीक तांत्रिक विधानासाठी मी विषयाचे नियतकालिक निवडेन, आणि क्षेत्राचा सर्वसाधारण आढावा घ्यायचा असेल तर केवळ आढावा-लेख छापणारी वार्षिके किंवा मासिके. ‘प्लॉस वन’सारख्या, महत्त्व न पाहता फक्त पद्धतशास्त्रीय अचूकता तपासून छापणाऱ्या नियतकालिकांचे निबंध साध्या वर्णनात्मक विधानाला खुशाल वापरावेत. मोठ्या दाव्याला ते एकटे पुरत नाहीत.

इम्पॅक्ट फॅक्टरविषयी थोडक्यात सांगायचे तर तो नियतकालिकाच्या सर्व निबंधांच्या उद्धरणांची सरासरी आहे. आपल्या हातातल्या निबंधाविषयी तो काहीच सांगत नाही, आणि गणितासारख्या विषयात तो स्वभावतःच कमी असतो. दोन वेगळ्या विषयांतल्या नियतकालिकांची त्यावरून तुलना करू नये.

याद्या आणि सूच्या कितपत विश्वासार्ह

पैसे घेऊन, परीक्षणाचा केवळ देखावा करून काहीही छापणारी नियतकालिके ही भारतीय संपादकाच्या वाटेवरची सर्वांत मोठी अडचण आहे, कारण त्यांतली पुष्कळशी आपल्याच देशातून निघतात. ‘सायन्स’ने ऑक्टोबर २०१३ मध्ये एका चाचणीचा वृत्तान्त छापला होता. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध मोफत वाचनासाठी खुल्या असलेल्या ३०४ नियतकालिकांकडे पाठवला गेला, आणि वृत्तान्त छापून येईपर्यंत १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला होता, ९८ नी नाकारला होता. त्या नियतकालिकांपैकी सुमारे एकतृतीयांश भारतातली होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली आणि अनेक प्राध्यापक-संपादक ती यादी प्रमाण मानू लागले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या यादीतल्या, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या नियतकालिकांची छाननी करून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निबंध लिहिला, आणि त्यात अशा कोणत्याही मोठ्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात असे दाखवून दिले. आयोगाने मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली, २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आणली, तिचे काम पुणे विद्यापीठाकडेच होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून दर्जा ठरवण्याचे सूचक निकष तेवढे संस्थांच्या हाती दिले. तेव्हा ‘यूजीसी मान्य’ असा शिक्का नियतकालिकाच्या संकेतस्थळावर दिसला, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही असेच धरून चालावे.

पबमेडविषयीचा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. ‘पबमेडवर आहे’ म्हणजे दर्जेदार आहे, असे चर्चापानांवर सर्रास म्हटले जाते. पबमेड हे वैद्यकीय निबंधांचे शोधयंत्र आहे. त्यात मेडलाइन या निवडक सूचीतली पाच हजारांहून अधिक नियतकालिके आहेत, त्याचबरोबर पबमेड सेंट्रल या मोफत भांडारातले निबंधही आहेत. अमेरिकी सरकारच्या निधीतून झालेले संशोधन त्या भांडारात ठेवणे बंधनकारक असल्यामुळे, एरवी मेडलाइनने कधीच न घेतलेल्या नियतकालिकातला निबंधही तिथे दिसतो. नियतकालिक मेडलाइनमध्ये आहे का, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत नाव शोधून एका मिनिटात पाहता येते. वैद्यकीय संदर्भासाठी मी या सूचीला सर्वाधिक वजन देतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूच्यांमध्ये नाव असणे ही किमान अट म्हणून ठीक आहे. मोफत नियतकालिकांची डीओएजे ही निर्देशिका २०१६ मध्ये तीन हजारांहून अधिक नोंदी वगळल्यानंतर बरीच सुधारली आहे.

कोणत्याही सूचीपेक्षा निबंधाचे पहिले पान अधिक बोलके असते. निबंध मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख तिथे छापलेली असते. त्या दोन तारखांमध्ये तीन-चार दिवसांचे अंतर असेल तर परीक्षण झालेले नाही हे उघड आहे. ‘विज्ञान, वाणिज्य, कला, अभियांत्रिकी व व्यवस्थापन’ असे सगळेच विषय एका अंकात असणे, संपादक मंडळातल्या नावांपुढे संस्थेचा पत्ता नसणे, निबंध पाठवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांक असणे आणि मुखपृष्ठावर कोणीही न ऐकलेल्या कंपनीने दिलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ झळकत असणे, या खुणा एकत्र दिसल्या की पुढे वाचत बसू नये. खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन हा त्याचा नोंदणी क्रमांक चोरून उभारलेली बनावट संकेतस्थळेही असतात, म्हणून दुवा शोधयंत्रातून न उचलता निबंधाच्या डीओआयवरून, म्हणजे प्रत्येक निबंधाला मिळालेल्या कायमच्या ओळखक्रमांकावरून उघडावा.

भारतीय नियतकालिकांविषयी यामुळे सरसकट अढी धरणे अन्यायाचे होईल. १९३२ पासून बेंगळुरूहून निघणारे ‘करंट सायन्स’ आणि भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिके मोफत वाचता येतात, परीक्षित आहेत, आणि सह्याद्रीची झीज, दख्खनचा भूजल साठा किंवा स्थानिक वनस्पती अशा विषयांवर त्यांच्याइतका तपशील परदेशी नियतकालिकांत मिळत नाही. मराठीत ‘सृष्टिज्ञान’ आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका ही मासिके परिभाषा, संस्थांचा इतिहास व शास्त्रज्ञांची चरित्रे यांसाठी उत्तम आहेत. वादग्रस्त वैज्ञानिक विधानासाठी त्यांचा आधार घेऊ नये, कारण ती परीक्षित शोधनियतकालिके असल्याचा त्यांचा दावाही नाही.

मोफत की सशुल्क

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकाचा संदर्भ इंग्रजी विकिपीडियावर दिला जाण्याची संभाव्यता सशुल्क नियतकालिकाच्या तुलनेत ४७ टक्क्यांनी अधिक असते. धोरणानुसार सशुल्क स्रोत पूर्णपणे ग्राह्य आहे. पडताळणी शक्य असली म्हणजे झाले, ती फुकट असलीच पाहिजे असे नाही. तरीही, दोन निबंध सारख्याच दर्जाचे असतील तर मी मोफत उघडणारा निवडेन, कारण मोबाइलवर लेख वाचणाऱ्या मेहकरच्या विद्यार्थिनीलाही तो संदर्भ उघडून पाहता आला पाहिजे. दर्जात फरक असेल, तर मात्र सशुल्क आढावा सोडून मोफत पण दुबळा निबंध घेणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

सारांश वाचून संदर्भ देणे ही याहून वाईट सवय आहे. यथादृश्य संपादक (व्हिज्युअल एडिटर) या विकिपीडियाच्या संपादन-साधनात डीओआय टाकला की संदर्भ आपोआप तयार होतो, त्यामुळे निबंध न उघडताही तळटीप नीटनेटकी दिसते, आणि सारांशात न आलेल्या मर्यादा लेखातही येत नाहीत. पूर्ण मजकूर मिळवण्याचे मार्ग आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत. विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांत मिळून ५०० संपादने, सहा महिने जुने खाते आणि गेल्या महिन्यात किमान दहा संपादने असतील, तर विकिपीडिया ग्रंथालयातून अनेक मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके मोफत वाचता येतात. सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असणाऱ्यांसाठी, केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली आहेत. हे दोन्ही मार्ग बंद असतील तर लेखकाला ईमेल करावा. बहुतेक शास्त्रज्ञ आनंदाने प्रत पाठवतात.

परीक्षणापूर्वी आर्काइव्ह, बायोआर्काइव्ह वा मेडआर्काइव्ह या भांडारांत ठेवलेली प्रत मोफत असली, तरी ती परीक्षित निबंध नव्हे. छापील निबंधाची मोफत प्रत म्हणून तिचा दुवा जोडावा, स्वतंत्र संदर्भ म्हणून वैद्यकात ती अजिबात वापरू नये.

मागे घेतलेले निबंध

निवड केल्यानंतरही एक तपासणी उरते. हिंदावी या प्रकाशनगृहाचे आठ हजारांहून अधिक निबंध एकट्या २०२३ मध्ये मागे घेतले गेले, आणि त्यांतले पुष्कळसे तोपर्यंत प्रतिष्ठित सूच्यांत असलेल्या नियतकालिकांतले होते. मागे घेतलेल्या निबंधांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचने जमवलेला अशा निबंधांचा संग्रह सप्टेंबर २०२३ पासून, डीओआयची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सर्वांना मोफत खुला आहे. संदर्भ देण्याआधी निबंधाचा डीओआय त्यात एकदा शोधावा.

इंग्रजी विकिपीडियावर असे संदर्भ हुडकून त्यांच्यावर खूण करणारा सांगकाम्या (बॉट, म्हणजे आपोआप संपादने करणारी आज्ञावली) कार्यरत आहे. मराठी विकिपीडियावरचे विज्ञानाचे पुष्कळ लेख मात्र इंग्रजीतून अनुवादित आहेत, आणि अनुवादाबरोबर संदर्भही त्या दिवशी जसे होते तसे येतात. पुढे इंग्रजी लेखातून एखादा मागे घेतलेला निबंध काढला गेला, त्याचे वाक्य बदलले गेले, तरी मराठी लेखात ते दोन्ही तसेच राहतात. म्हणून अनुवाद करणाऱ्याने औषध, लस, आहार आणि रोग यांविषयीचा प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहावा, आणि जुन्या अनुवादित लेखात असा संदर्भ आढळला तर तो आणि त्यावर उभे असलेले वाक्य दोन्ही काढून त्याचे कारण चर्चापानावर नोंदवावे. एका संपादकाला हे काम झेपणारे नाही, तेव्हा वैद्यकीय लेखांची वाटणी करून घेण्याचा प्रस्ताव चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर मांडणे अगत्याचे आहे.